इस्राएल कोण आणि मंडळी कोण? बातम्यांच्या गदारोळातला एक जुना प्रश्न

टीव्हीवर गाझाची किंवा इराणची बातमी लागली की सोलापुरातल्या ख्रिस्ती माणसाला हमखास एक प्रश्न विचारला जातो. शेजारी विचारतात, ऑफिसातले विचारतात. "तुमचा येशू यहूदीच ना? मग तुम्ही इस्राएलच्या बाजूचे?" विचारणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट काही नसतं. अडचण आपली असते, कारण आपल्याच मंडळीत या प्रश्नाला दोन उलटसुलट उत्तरं आहेत. कुणी म्हणतं, इस्राएल ही देवाची निवडलेली प्रजा, तिच्याविरुद्ध बोलणं म्हणजे देवाविरुद्ध बोलणं. कुणी म्हणतं, ते सगळं जुन्या करारात संपलं, आता आपणच इस्राएल. बाकीचे गप्प बसतात, कारण रविवारच्या उपदेशात हा विषय नीट उलगडून कुणी सांगितलेलाच नसतो.

माझं म्हणणं आधीच सांगतो. ही दोन्ही उत्तरं पवित्र शास्त्राच्या कसोटीला उतरत नाहीत. पहिलं उत्तर आजच्या एका सरकारच्या प्रत्येक कृतीवर देवाची मोहोर उमटवतं. दुसरं उत्तर देव स्वतः दिलेला शब्द मोडतो असं ठरवतं. दुसऱ्या उत्तरापायी इतिहासात रक्त सांडलं आहे आणि पहिल्यापायी आजही माणसं मरत असताना आपण नजर वळवतो. म्हणून हा विषय पाळकांवर आणि अभ्यासकांवर सोडून चालत नाही.

एकच नाव, वेगवेगळे अर्थ

पवित्र शास्त्रात 'इस्राएल' हे आधी एका माणसाचं नाव आहे. अब्राहामाचा नातू याकोब याला देवानं ते दिलं. पुढे याकोबाच्या बारा मुलांपासून झालेल्या बारा वंशांना तेच नाव मिळालं. शलमोन राजानंतर राज्य फुटलं तेव्हा उत्तरेचा भाग इस्राएल आणि दक्षिणेचा यहूदा म्हणवला जाऊ लागला. इ. स. पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरी लोकांनी उत्तरेचं राज्य बुडवलं. दक्षिणेचे लोक टिकले आणि त्यांच्यावरूनच 'यहूदी' हे नाव आलं.

बातमीतलं इस्राएल म्हणजे १४ मे १९४८ रोजी स्थापन झालेलं आधुनिक राष्ट्र. त्याला संसद आहे, निवडणुका आहेत, करखातं आहे. तिथल्या नागरिकांपैकी जवळजवळ एक पंचमांश अरब आहेत. दुसरीकडे जगातले लाखो यहूदी त्या देशाबाहेर, मुख्यतः अमेरिकेत राहतात. यहूदी लोक आणि इस्राएल राष्ट्र या एकमेकांशी घट्ट जोडलेल्या, तरीही वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक लक्षात ठेवला तर अर्धा गोंधळ इथेच मिटतो.

आणखी दोन शब्द लागतील. 'करार' म्हणजे देवानं माणसांशी स्वतःहून बांधलेलं नातं, अभिवचन देऊन बांधलेलं. 'मंडळी' म्हणजे चर्चची इमारत किंवा एखादा पंथ नव्हे, तर येशूवर विश्वास ठेवणारे सगळे.

पहिल्या मंडळीपुढचा प्रश्न उलटा होता

उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायात देव अब्राहामाला बोलावतो आणि तीन गोष्टींचं अभिवचन देतो: त्याच्यापासून मोठं राष्ट्र होईल, देव त्याला आशीर्वाद देईल, आणि त्याच्याद्वारे पृथ्वीवरची सगळी कुळं आशीर्वादित होतील. तिसरी गोष्ट महत्त्वाची. एका घराण्याची निवड झाली ती इतरांना वगळण्यासाठी नाही. पुढे सीनाय पर्वतावर नियमशास्त्र मिळालं, देश मिळाला, तो गमावला, बाबेलचा बंदिवास आला. त्या पडत्या काळात यिर्मया संदेष्टा म्हणाला की देव नवा करार करील. कुणाशी? "इस्राएलाच्या घराण्याशी व यहूदाच्या घराण्याशी". ज्या नव्या कराराच्या नावानं आपण प्रभुभोजन घेतो, त्याचा मूळ पत्ता हा आहे.

येशू यहूदी होता. मरीया, पेत्र, योहान आणि मंडळ्यांना पत्रं लिहिणारा पौल, सगळेच यहूदी. पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी यरुशलेमात जी मंडळी उभी राहिली तीही यहूद्यांचीच. आज आपण विचारतो, ख्रिस्तानंतर यहूद्यांचं स्थान काय? त्या मंडळीला छळत होता याच्या नेमका उलटा प्रश्न: परराष्ट्रीयांना, म्हणजे यहूदी नसलेल्यांना, आत घ्यायचं का? घ्यायचं तर त्यांची सुंता करून, की आहेत तसे? कैसरियात कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या घरी पेत्राच्या डोळ्यांदेखत पवित्र आत्मा उतरला आणि पेत्राला मागे फिरता येईना. मग इ. स. ४९ च्या सुमारास यरुशलेमात बैठक झाली. ती प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात वाचायला मिळते. निर्णय असा झाला की परराष्ट्रीयांवर सुंतेचं ओझं लादायचं नाही.

हा निर्णय किती मोठा होता ते एका दगडावरून कळतं. यरुशलेमच्या मंदिरात परराष्ट्रीयांसाठी एका कठड्यापर्यंतच मुभा होती. पुढे पाऊल टाकणाऱ्याच्या मरणाला तो स्वतः जबाबदार, असा ग्रीक भाषेतला इशारा तिथे कोरलेला होता. तसला एक अखंड शिलालेख १८७१ मध्ये सापडला आणि आज तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. इफिसकरांस पत्रात पौल म्हणतो की ख्रिस्तानं मधली आडभिंत पाडली आणि दोघांचा एक नवा माणूस केला. आपल्याकडच्या अनेक ख्रिस्ती घराण्यांच्या पूर्वजांना देवळाच्या पायरीपाशीच थांबवलं जात होतं. त्यांच्या नातवंडांना हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. मात्र एक सावधगिरी इथेच नोंदवतो. यहूदी धर्माची तुलना अस्पृश्यतेशी करू नये. परराष्ट्रीयाला सुंता करून, नियमशास्त्र पत्करून त्या प्रजेत पूर्णपणे सामील होता येत असे. मोआबी रूथ तर दावीद राजाची पणजी झाली.

पौलाचं जैतुनाचं झाड आणि आपली बोर

या सगळ्या विषयाचं मर्म रोमकरांस पत्राच्या नवव्या ते अकराव्या अध्यायांत आहे. ते कोणत्या परिस्थितीत लिहिलं गेलं हे आधी पाहू. सम्राट क्लौद्य यानं यहूद्यांना रोममधून हाकललं होतं, अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपं त्यामुळेच करिंथात आलं होतं. यहूदी विश्वासणारे नसताना रोमच्या मंडळीत परराष्ट्रीयांचा वरचष्मा झाला. क्लौद्याच्या मृत्यूनंतर यहूदी परतू लागले तेव्हा मंडळी त्यांची राहिली नव्हती, असं बरेच अभ्यासक मानतात. पौलानं पत्र लिहिलं ते इ. स. ५७ च्या आसपास. त्याचा रोख स्पष्ट आहे. त्याला परराष्ट्रीय ख्रिस्ती लोकांचा ताठा उतरवायचा आहे.

तो जैतुनाच्या (ऑलिव्हच्या) झाडाचा दाखला देतो. झाड एकच. मूळ अब्राहामाला दिलेल्या अभिवचनांचं. काही डहाळ्या अविश्वासामुळे तोडल्या गेल्या ('काही', सगळ्या नव्हे) आणि त्या जागी रानटी जैतुनाची डहाळी कलम केली गेली. ती रानटी डहाळी म्हणजे आपण.

सोलापूर जिल्ह्यात बोरीची बाग लावणाऱ्याला यात काहीतरी उलटं चाललंय हे लगेच कळेल. आपण गावठी बोरीचा खुंट धरतो आणि त्यावर उमराण किंवा कडाक्याचा डोळा भरतो. मूळ रानटी, वरची फांदी चांगल्या जातीची, म्हणून फळ गोड. चांगल्या झाडावर रानटी काडी कुणी बांधत नाही, कारण तिला आंबट, बारकी बोरंच येणार. पौलाच्या दाखल्यात तर नेमकं तेच घडतं. त्यालाही ते ठाऊक आहे, म्हणून तोच म्हणतो की हे निसर्गक्रमाविरुद्ध झालं. रानटी काडीला झाडावर जागा मिळाली ती तिच्या गुणामुळे नाही, निव्वळ माळ्याच्या कृपेनं. मग पौल बजावतो, तोडलेल्या डहाळ्यांपुढे मिरवू नकोस. तू मुळाला पोसत नाहीस, मूळ तुला पोसतं. आणि ज्याला रानटी डहाळी जोडता आली, त्याला मूळच्या डहाळ्या परत जोडता येणार नाहीत का?

या दाखल्यात काय नाही तेही पाहा. जुनं झाड तोडून नवं लावलं, असं पौल म्हणत नाही. दोन झाडं शेजारी शेजारी आहेत, असंही म्हणत नाही. पुढे तो आणखी ठाम होतो. यहूदी लोक पूर्वजांमुळे देवाला प्रिय आहेत, आणि देवाची कृपादानं व पाचारण मागे घेतली जात नाहीत. "सर्व इस्राएल तारले जाईल" या त्याच्या वाक्यावर मात्र एकमत नाही. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्व्हिन यानं त्याचा अर्थ यहूदी व परराष्ट्रीय मिळून देवाची सगळी प्रजा असा घेतला. इतर अनेकांनी शेवटच्या काळात यहूदी समाज मोठ्या संख्येनं ख्रिस्ताकडे वळेल असा. मला दुसरा अर्थ जवळचा वाटतो, कारण त्या तिन्ही अध्यायांत पौल आपल्या रक्ताच्या भावंडांसाठीच तळमळतो आहे.

मग इतका दुरावा कसा आला?

इ. स. ७० मध्ये रोमी सैन्यानं यरुशलेमचं मंदिर जाळलं. १३२ ते १३५ च्या बंडानंतर यहूद्यांना त्या शहरात राहायचीही बंदी झाली. मंडळीत परराष्ट्रीयांची संख्या वाढत गेली आणि दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक लिहू लागला की खरं इस्राएल आम्हीच. देवानं यहूद्यांना बाजूला सारून त्यांच्या जागी मंडळीला बसवलं, या समजुतीला आपण 'बदलीचा सिद्धान्त' म्हणू. पौलानं ज्या ताठ्याविरुद्ध बजावलं होतं, त्याचंच पुढे शास्त्र बनलं.

परिणाम पुस्तकांत राहिले नाहीत. १०९६ मध्ये पहिल्या क्रूसयुद्धाला निघालेल्या जमावांनी ऱ्हाइन नदीकाठच्या शहरांत यहूद्यांची कत्तल केली. १२१५ च्या लॅटरन परिषदेनं त्यांनी वेगळा ओळखू येईल असा पोशाख करावा असं फर्मावलं. १२९० मध्ये इंग्लंडमधून आणि १४९२ मध्ये स्पेनमधून त्यांना हाकललं गेलं. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरची गोष्ट मला सगळ्यांत जास्त बोचते. १५२३ मध्ये त्यानं येशू जन्मानं यहूदी होता हे सांगणारी, यहूद्यांशी मायेनं वागा म्हणणारी पुस्तिका लिहिली. यहूदी लोक ख्रिस्ती होत नाहीत हे पाहून त्याच माणसानं १५४३ मध्ये त्यांची सभास्थानं जाळा, घरं पाडा असं लिहिलं. चारशे वर्षांनी नाझींनी ते पान खुशाल वापरलं. साठ लाख यहूदी मारले गेले, ते बहुतेक बाप्तिस्मा झालेल्या माणसांनी भरलेल्या खंडात.

त्यानंतर चर्चला आपले शब्द तपासावे लागले. कॅथलिक चर्चनं २८ ऑक्टोबर १९६५ च्या आपल्या जाहीरनाम्यात म्हटलं की येशूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सगळ्या यहूद्यांवर सरसकट टाकता येत नाही आणि आजच्यांवर तर मुळीच नाही, आणि देवानं त्यांना टाकून दिलं असं मांडू नये. त्याला आधार घेतला तो रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायाचाच. अमेरिकेतल्या लूथरन चर्चनं १९९४ मध्ये लूथरची ती वाक्यं उघडपणे नाकारली.

सोलापुरातले दोन प्रवाह

आपल्याकडच्या जुन्या मंडळ्या अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून उभ्या राहिल्या. हे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले, १८३१ मध्ये अहमदनगरला आणि पुढे सोलापुरात. त्यांची मुळं अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या प्युरिटन, म्हणजे कॅल्व्हिनच्या शिकवणीवर वाढलेल्या परंपरेत होती. त्या परंपरेची मांडणी अशी: अब्राहामापासून आजपर्यंत देवाच्या कृपेचा करार एकच, प्रजाही एकच, ख्रिस्तात ती सगळ्या राष्ट्रांपर्यंत रुंदावली. जुन्या मंडळ्यांत बाळाचा बाप्तिस्मा होतो त्यामागेही हेच गणित आहे. अब्राहामाच्या घरात आठव्या दिवशी सुंता होई, त्याच कराराची खूण आता बाप्तिस्मा. १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा या मंडळ्या त्यात आल्या आणि हा वारसा सोबत आला.

दुसरा प्रवाह जॉन नेल्सन डार्बी (१८०० ते १८८२) या आयर्लंडमधल्या धर्मोपदेशकापासून निघाला. त्याला डिस्पेन्सेशनलिझम म्हणतात. आपण 'युगांची मांडणी' म्हणू. तिच्या मते देव इतिहासाच्या वेगवेगळ्या युगांत वेगळ्या रीतीनं कारभार करतो. इस्राएल आणि मंडळी या त्याच्या दोन वेगळ्या प्रजा आहेत. सध्याचं मंडळीचं युग मधेच आलं आहे. एक दिवस मंडळी वर घेतली जाईल, मग सात वर्षांचं संकट येईल आणि इस्राएलला दिलेली देशाची, राज्याची अभिवचनं अक्षरशः पुरी होतील. १९०९ मध्ये अमेरिकेतल्या स्कोफिल्डनं याच मांडणीच्या टिपा वचनांच्या खाली छापलेलं बायबल काढलं आणि ती घराघरांत पोचली. अनेकांना वचन कुठे संपतं आणि टीप कुठे सुरू होते हेच समजेनासं झालं. आज यूट्यूबवर मराठीत शेवटच्या काळाबद्दल जे सांगितलं जातं त्यातलं बरंचसं तिथून आलेलं आहे.

प्रामाणिकपणे सांगायचं तर दोन्ही प्रवाहांनी काहीतरी जपलं. युगांची मांडणी करणाऱ्यांनी देव यहूद्यांना विसरलेला नाही हे धरून ठेवलं, तेही इतर चर्चना त्याचा विसर पडला होता तेव्हा. पण इफिसच्या पत्रात पडलेली भिंत ते पुन्हा बांधतात. एका प्रजेची मांडणी पौलाच्या झाडाशी जास्त जुळते. तिचा धोका असा की ती नकळत बदलीच्या सिद्धान्ताकडे घसरते. अकरावा अध्याय हाताशी असला तर तो धोका टळतो.

"इस्राएलला आशीर्वाद देतील त्यांना देव आशीर्वाद देईल, असं लिहिलंय ना?"

लिहिलंय. उत्पत्ती १२:३. पण हे शब्द अब्राहामाला उद्देशून आहेत आणि त्याच वचनाचा शेवट सगळ्या कुळांच्या आशीर्वादात होतो. गलतीकरांस पत्रात पौल नेमकं हेच वचन घेतो आणि म्हणतो की परराष्ट्रीयांना विश्वासानं नीतिमान ठरवण्याची सुवार्ता अब्राहामाला आधीच सांगितली गेली. यहूदी लोकांबद्दल आदर, त्यांच्या द्वेषाला ठाम विरोध, एवढं या वचनातून नक्की निघतं. एखाद्या मंत्रिमंडळाच्या प्रत्येक लष्करी निर्णयाला पाठिंबा निघत नाही.

शिवाय इस्राएलवर संदेष्ट्यांइतकं प्रेम कुणी केलं? आणि त्यांच्याइतकं त्याच्या राजांना फटकारलं कुणी? नाथानानं दावीदाला तोंडावर सुनावलं. अहाब राजानं नाबोथाचा द्राक्षमळा बळकावला तेव्हा एलीया त्याच मळ्यात जाऊन उभा राहिला. निवडलेली प्रजा असणं म्हणजे न्यायाच्या प्रश्नांतून सूट, असं या पुस्तकात कुठेही नाही. आमोसात तर देव म्हणतो की मी तुम्हांलाच ओळखलं, म्हणून तुमच्या अधर्माचा जाब तुम्हांलाच विचारीन.

"१९४८ म्हणजे भविष्यवाणी पुरी झाली नाही का?"

यहेज्केलच्या सदतिसाव्या अध्यायातली सुकलेली हाडं जिवंत होतात, ते चित्र अनेकांना १९४८ मध्ये दिसतं. इतर म्हणतात की ते वचन बाबेलहून परतण्याबद्दल होतं, आणि त्याची परिपूर्ती येशूच्या पुनरुत्थानात आहे. मला वाटतं, छळछावण्यांतून वाचलेल्यांना आसरा मिळाला याबद्दल देवाचे आभार मानता येतात, आणि त्याच घटनेत लाखो पॅलेस्टिनी बेघर झाले याबद्दल त्याच प्रार्थनेत रडताही येतं. येशू स्वर्गात जाण्याआधी शिष्यांनी हेच विचारलं होतं, इस्राएलचं राज्य आता पुन्हा स्थापन करणार का? त्यानं वेळापत्रक दिलं नाही. साक्षी व्हा, म्हणाला.

"तिथे ख्रिस्ती लोकही आहेत?"

आहेत, आणि आपल्यापेक्षा कितीतरी आधीपासून. बेथलेहेम, नासरेथ, यरुशलेम इथले अरबी बोलणारे ख्रिस्ती स्वतःला त्या पहिल्या मंडळीचे वारस मानतात. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासनं इस्राएलमध्ये सुमारे बाराशे माणसं मारली, ओलीस नेली. त्यानंतरच्या युद्धात गाझात हजारोंनी माणसं मेली. त्याच महिन्यात गाझातल्या संत पोर्फिरियसच्या प्राचीन चर्चच्या आवारात आसरा घेतलेली ख्रिस्ती कुटुंबंही हवाई हल्ल्यात सापडली. पॅलेस्टिनी विश्वासणाऱ्यांनी २००९ मध्येच 'कैरोस पॅलेस्टाइन' हे निवेदन काढून जगभरच्या मंडळ्यांना विनवलं होतं की आमच्यावरच्या अन्यायाला पवित्र शास्त्राचं पांघरूण घालू नका. त्यातलं सगळं पटो न पटो, ही भावंडं आपल्या प्रार्थनेत नसतील तर एका देहाच्या गोष्टी आपण कुठल्या तोंडानं करतो?

"मग यहूद्यांना सुवार्ता सांगायची की नाही?"

इथे ख्रिस्ती जग अजून विभागलेलं आहे. इव्हँजेलिकल मंडळ्या रोमकरांस पत्र १:१६ दाखवतात: सुवार्ता प्रथम यहूद्याला, मग इतरांना. कॅथलिक चर्चच्या २०१५ च्या निवेदनात म्हटलं आहे की यहूद्यांना उद्देशून संस्थात्मक मिशन चालवायचं नाही, मात्र आपल्या विश्वासाची साक्ष नम्रपणे द्यायची. मला साक्ष सोडता येत नाही, कारण येशू त्यांचाही मसीहा आहे असं मी मानतो. पण छळाचा एवढा इतिहास पाठीशी असताना दबाव, आमिष किंवा फसवणूक यांचा वाससुद्धा येता कामा नये.

याचा एक बरा धडा मराठी मातीत आहे. कोकणातले बेने इस्राएल, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' म्हणवले जाणारे, शतकानुशतकं मराठी बोलत इथे राहिले. मुंबईत १७९६ मध्ये त्यांनी आपलं पहिलं सभास्थान बांधलं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनच्या शाळांत त्यांची मुलं शिकली, त्यांच्यातले काही तिथे शिक्षक झाले, आणि स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं. मिशनऱ्यांना त्यांचं धर्मांतर हवं होतं. बेने इस्राएल बहुतांश यहूदीच राहिले आणि आपली शास्त्रं मराठीत वाचून आपल्या धर्मात अधिक पक्के झाले. त्यांच्यातले अनेकजण पुढे इस्राएलला गेले. तिथल्या धर्मपीठानं त्यांच्या यहूदीपणावर शंका घेतली, लग्नाआधी वंशाची चौकशी करा म्हटलं. मराठी यहूद्यांनी आंदोलन केलं आणि १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेनं ते सर्वार्थानं यहूदी असल्याचं जाहीर केलं.